दोन लहान मुले आणि घरात एकटे माणूस

‘दिवसभर घरीच तर होतीस, मग एवढी थकलीस कशाने?’

हा प्रश्न आपल्या बहुतेक घरांत कधी ना कधी विचारला गेलेला आहे. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही असते असे नाही. त्याला ते कोडे खरोखरच उलगडत नाही. दळण जात्यावर दळायचे नाही, चूल फुंकायची नाही. मग दोन चिमुकल्या मुलांच्या मागे राहून माणूस संध्याकाळपर्यंत इतके गळून का जावे? मी स्वतः हा प्रश्न पत्नीला तीन-चारदा तरी विचारला आहे. तिने उत्तर दिले नाही. ते मला गेल्या वैशाखातील एका दिवसाने दिले. तो दिवस सांगावा आणि त्यामागची कारणे समजतील तितकी समजावून द्यावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आपल्या परिवारात तरुण आईबाप पुष्कळ आहेत आणि नातवंडे असलेली वडील मंडळीही पुष्कळ आहेत. लेख दोघांसाठीही आहे.

त्या दिवशी पत्नीची खात्याची परीक्षा खांडव्याला होती. पहाटेच्या गाडीने जायचे आणि रात्री परत यायचे असे ठरले. माझी आई त्या सुमारास रावेरला धाकट्या भावाकडे होती. मी रजा काढली. घरात मी, चार वर्षे पूर्ण झालेली मुलगी आणि चौदा महिन्यांचा मुलगा. आमचे घर सिंधीपुऱ्यात. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे मोरी. निघताना पत्नीने काय काय कोठे ठेवले आहे ते सांगितले, आणि मी मोठ्या ऐटीत म्हणालो, ‘तू निर्धास्त जा. दोनच तर मुले आहेत!’

दोन मुलांची दोन घड्याळे

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की दोन मुले म्हणजे एका मुलाची दुप्पट नव्हे. दोघांचा दिवस एका घड्याळाने चालत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी काही मार्गदर्शक गोष्टी प्रसिद्ध केल्या. त्यांत एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी असे सांगितले आहे. कागदावर हा फरक एखाद्या तासाचा दिसतो. घरात मात्र तो तासच सारी घडी विस्कटतो. धाकटा सकाळी साडेनऊलाच पेंगू लागला, आणि नेमकी तेव्हाच मोठीला गाणे म्हणण्याची हुक्की आली. त्याला दुपारी एकदा निजवला, तोवर मोठी टक्क जागी होती. आणि ती पेंगू लागली तो हा उठून बसला. पाहणाऱ्याला वाटावे की मुले अर्धा दिवस झोपलेली होती. दोघेही झोपलेली अशी वेळ मला त्या दिवशी अकरा मिनिटे मिळाली. मी घड्याळ पाहिले होते म्हणून सांगतो.

भुकेचेही तसेच. मोठी ताटात वाढलेले आपल्या हाताने खाते, पण बोलत बोलत अर्धा तास लावते. धाकट्याला मऊ भात भरवावा लागतो, आणि तोंड फिरवले की समजावे, संपले. एकाचे उरकते तोवर दुसऱ्याची शी होते. आणि या साऱ्यात माणसाला स्वतःची शरीरे असतात, हे दोन्ही मुलांना ठाऊक नसते. मी मोरीचे दार लावले की धाकटा बाहेरून दार बडवून आक्रोश करी. यात हट्ट नाही. या वयाच्या मुलाला बाप दिसेनासा झाला तरी तो कोठे तरी आहे एवढे कळते. पण तो परत केव्हा येईल हे कळत नाही. म्हणून दाराआडची दोन मिनिटेही त्याला फार मोठी वाटतात.

थकवा कशाचा?

सकाळी सात वाजता मी चहा ठेवला. तो तीनदा गरम केला आणि शेवटी दहा वाजता ओतून दिला. त्या तीन तासांत मी अंगमेहनतीचे असे काय केले? फारसे काहीच नाही. परंतु हातात घेतलेले एकही काम एका दमात पुरे झाले नाही.

आपल्या बऱ्हाणपुरात हे समजावयास दूर जावयास नको. यंत्रमागावर उभा असलेला विणकर दोन-चार माग एकटा पाहतो. तो थकतो तो वजन उचलून नव्हे. एका मागावर धागा जोडीत असता त्याचा कान दुसऱ्या मागाकडे असतो, आणि हा कान पाळीभर क्षणभरही मोकळा होत नाही. मन एका गोष्टीवरून उचलून दुसऱ्या गोष्टीवर ठेवावयाचे, आणि परत पहिलीवर आणावयाचे, यात दर वेळी थोडी शक्ती खर्च होते; पहिले काम कोठवर आले होते ते पुन्हा आठवावे लागते. दिवसातून शेकडो वेळा असे झाले की अंगात काही उरत नाही. आणि मागाचे एक बरे असते. बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. मूल थांबत नाही. बाप दुसऱ्या मुलाकडे वळला की ते आपले काम पुढे चालवते.

याचा प्रत्यय मला साडेदहाच्या सुमारास आला, आणि तो प्रसंग सांगताना आजही अंगावर काटा येतो.

बादलीचे पाणी

नळ येऊन गेला होता. मी मोरीत दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या. गॅसवर दूध होते आणि मोठीच्या झग्याचे बंद सोडवत होतो. इतक्यात दूध वर आले म्हणून मी उठलो. धाकटा खोलीत वाटी-चमच्याशी खेळत होता, निदान माझी तशी समजूत होती. दूध उतरवतो तोच मोठी किंचाळली, ‘बाबा, बाळ पाण्यात!’

धावलो. तो बादलीच्या काठावर पोटावर ओणवा झाला होता. दोन्ही हात पाण्यात, हनुवटी ओली, पाय जमिनीवरून सुटलेले. मी त्याला उचलले. तो हसत होता. पुढे दहा मिनिटे मला उभे राहवले नाही.

डॉक्टर मंडळी याविषयी जे सांगतात ते प्रत्येक घरात ठाऊक असावयास हवे. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. ते वाकले की तोल पुढे जातो, आणि हातांत स्वतःला मागे रेटण्याइतके बळ नसते. बुडण्यास विहीर लागत नाही. नाक-तोंड झाकेल इतके चार बोटे पाणीही पुरते. दुसरे असे की, बुडणारे लहान मूल ओरडत नाही. त्याला ओरडता येतच नाही. तेव्हा ‘आवाज येत नाही, म्हणजे बरे चालले आहे’ हा आपला हिशेब येथे उलटा पडतो.

आपल्या गावाला पाण्याची किंमत फार पूर्वीपासून कळलेली आहे. अब्दुर्रहीम खानखानांच्या काळी, १६१५ साली, सातपुड्याच्या डोंगरात झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणणारा कुंडी भंडारा येथे बांधला गेला. असल्या गावात भरलेली बादली ओतून टाका असे कोण सांगेल? परंतु झाकण घालता येते. पिंपावर घट्ट झाकण, बादली उंच कट्ट्यावर, आणि मोरीच्या दाराला बाहेरून वरच्या बाजूस कडी, एवढे केले तर पाणीही राहते आणि मूलही. तसेच अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे ही चार-पाच वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नयेत. ती श्वासनलिकेत अडकतात. त्याऐवजी आपल्याच शिवारातले पिकलेले केळे कुस्करून द्यावे. खेळण्यांतील बटणासारखे चपटे सेल तर मुलाच्या दृष्टीसही पडू देऊ नयेत. ते गिळले गेल्यास थोड्याच तासांत अन्ननलिका भाजते. अशा वेळी घरगुती उपाय न करता तडक रुग्णालय गाठावे.

थोरली बहीण ही आई नव्हे

बादलीच्या प्रसंगानंतर मी मोठीला जवळ घेतले, शाबासकी दिली आणि म्हणालो, ‘आता तूच बाळावर लक्ष ठेव हं.’ मला ते सहज वाटले. तिला तसे वाटले नाही. तिने आपली बाहुली कपाटात ठेवली आणि ती बाळाच्या झबल्याचे टोक मुठीत धरून बसली. तो चालला की ही मागे. तो बसला की ही बसे. तासाभराने तो उंबऱ्याला अडखळून पडला, तेव्हा तो थोडा रडला आणि ही ओक्साबोक्शी रडली. ‘माझं लक्ष नव्हतं,’ असे ती पुन:पुन्हा म्हणत होती. चार वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर मी काय ठेवले, ते तेव्हा मला कळले.

ही गोष्ट आपल्या समाजात नवी नाही, आणि ती ओळखणाऱ्या माणसांनी तिच्यावर मार्गही काढलेला आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले, १९३६ साली दादरला शिशुविहार चालू केले आणि १९४५ साली अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम आरंभले. १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथे या बायांना काय दिसले? शाळा आहे, फी नाही, तरी पोरी येत नाहीत. कारण आई मजुरीला जाते आणि धाकटे भावंड थोरलीच्या कडेवर असते. त्या पोरींना आळशी ठरवणे सोपे होते. ताराबाईंनी तसे केले नाही. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ उभी केली. थोरलीने धाकट्याला घेऊनच यावे. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि ती स्वतः वर्गात. मुले शाळेत येत नसतील तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, हा ‘अंगणवाडी’चा विचारही तेथलाच. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा हाच शब्द देशभर गेला. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. परंतु दोघींनी शोधलेले सत्य अगदी घरगुती होते. मोठे मूल हेही मूलच असते.

मोठ्या मुलाची दुसरीही एक अडचण असते. दुपारी जेवताना मुलगी म्हणाली, ‘मलापण भरव. मीपण बाळ आहे.’ एरवी स्वतः जेवणारी मुलगी असे म्हणू लागली की आपण रागावतो. वस्तुतः तो लाडावलेपणा नसतो. धाकट्याला जे अनायासे मिळते ते आपल्याला मिळेल की नाही, याची ती चाचपणी असते. दोन घास भरवले की बहुधा तेवढ्याने भागते. याहून चांगला उपाय असा, की धाकटा झोपला की लगेच भांड्यांकडे धावू नये. पहिली दहा मिनिटे मोठीची. त्या वेळी मोबाईल नाही, काम नाही, ती म्हणेल तो खेळ. मी हे त्या दिवशी भांडी घासून झाल्यावर केले, आणि तोवर धाकटा उठला होता.

चार वर्षांच्या मुलाला ‘थोड्या वेळाने’ या शब्दाचा अर्थ नीटसा कळत नाही. ‘कुकरच्या दोन शिट्या झाल्या की’ असे म्हटले तर कळते, आणि मूल शिट्या मोजीत बसते. मात्र दोन शिट्या झाल्यावर शब्द पाळावा लागतो. दीड वर्षाच्या आतल्या मुलाला ‘नको’ सांगून उपयोग थोडा. त्याच्या हातातली वस्तू काढून घेण्याआधी दुसरी त्याच्या हाती द्यावी.

मोबाईलविषयी खरे तेच सांगतो. वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शनात दोन वर्षांखालील मुलास पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठी एका तासाहून अधिक दाखवू नये असे म्हटले आहे. मला हे ठाऊक होते. बाहेर ऊन चाळीस अंशांच्या वर, दारे-खिडक्या लावलेल्या, घड्याळात चार वाजलेले. मी मोबाईल दोघांच्या पुढे धरला आणि पन्नास मिनिटे धरून ठेवला. एका दिवसाने मूल बिघडत नाही. परंतु काढून घेतल्यावर जी रडारड झाली तिने त्या पन्नास मिनिटांची विश्रांती पुरती वसूल केली.

संध्याकाळी साडेपाच

दिवसाची सर्वांत कठीण वेळ कोणती असे कोणी विचारले, तर मी संध्याकाळी पाच ते सात असे सांगेन. मुले दमलेली, भुकेली, आणि झोपायला अजून अवकाश असलेली. मोठे माणूस त्यांच्याहून दमलेले. साडेपाचच्या सुमारास मोठीने दुधाचा पेला सांडला. मुद्दाम नव्हे, तरी मी तिच्यावर असा ओरडलो, की माझाच आवाज मला ओळखू येईना. ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्याकडे पाहून धाकटाही रडू लागला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली, ‘भैया, बच्चों को इधर दे दो. थोडी देर हमारे आँगन में खेलेंगे.’

शेजारच्या घरी चार माग आहेत, आणि त्या घरच्या बाईंना आमची मुले खाला म्हणतात. खाला दिवसभर कांड्या भरतात, आणि त्यांचीही दोन मुले त्याच ओसरीवर असतात. मी दोघांना पोहोचवून आलो. तोंड धुतले. सकाळची पोळी उभ्या-उभ्या खाल्ली. दहा मिनिटे नुसता बसलो. तासाभराने मुलांना आणावयास गेलो तेव्हा मुले तीच होती, मी मात्र निराळा होतो. घरी येऊन मोठीला म्हटले, ‘मी ओरडलो ते चुकलं माझं.’ ती म्हणाली, ‘दूध पुसलं का?’

या एका तासाने एवढा फरक का पडावा? अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ सारा हर्डी यांनी २००९ साली ‘मदर्स अँड अदर्स’ या ग्रंथात याचा विचार केला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: माणसाचे मूल फार काळ परावलंबी असते आणि पहिले आपल्या पायांवर उभे राहण्याआधीच दुसरे येते. असे मूल एकट्या आईच्या बळावर वाढणे कठीण. म्हणून माणसाच्या जातीत आजी, मावशी, बाप, थोरली भावंडे, शेजारीण असे पुष्कळ हात मूल वाढवण्यास प्रथमपासून लागत आलेले आहेत. याचा अर्थ, बंद दाराआड एक मोठे माणूस आणि दोन लहान मुले ही मांडणी जुनी नाही, ती नवी आहे. तिच्यात जो थकतो तो दुबळा म्हणून थकत नाही. तिघा-चौघांचे काम तो एकटा करीत असतो.

आपल्या गावची सर्वांत प्रसिद्ध गोष्टही एका आईचीच आहे. १७ जून १६३१ रोजी मुमताज महल येथे बाळंतपणात निवर्तल्या. ते त्यांचे चौदावे अपत्य. ताजमहालामुळे ही गोष्ट जगाला ठाऊक झाली. पण जन्मलेली ती मुलगी, गौहरआरा, जगली. १७०६ सालापर्यंत जगली. आई गेलेल्या त्या तान्हीला कोणी तरी पाजले, निजवले, तिच्यामागे दुडुदुडु धावले. त्यांची गोष्ट आपल्या गावात कोणी सांगत नाही. मूल सांभाळण्याचे काम असेच आहे. नीट झाले तर मागे दाखवण्याजोगे काही उरत नाही.

ज्यांना रजा नाही

माझा तो एक दिवस होता. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो आणि चहा गरम असताना प्यालो. खालांसारख्या बायांचा रोजचा दिवस तसाच असतो, आणि त्यात कांड्यांची मोजणी वेगळी. कायद्याने कामकरी आईचा विचार केलेला नाही असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यात पाळणाघर आवश्यक केले; १९७६ च्या दुरुस्तीने ती संख्या तीसवर आली. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा बारावरून सव्वीस आठवडे झाली, आणि पन्नास वा अधिक माणसे कामावर असतील तेथे पाळणाघराची तरतूद झाली. परंतु जी बाई आपल्याच ओसरीवर कांड्या भरते तिचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते. तिच्यासाठी पाळणाघर म्हणजे शेजारचे अंगण. त्या अंगणाचा उपयोग मी केला, तेव्हा त्याची परतफेडही माझ्यावर आली.

दोन गोष्टी मात्र शेजाऱ्यांवरही सोडू नयेत. राग अनावर होऊन हात उगारला जाईल, तान्ह्याला गदगदा हलवले जाईल असे वाटू लागले, तर मुलाला पाळण्यात किंवा जमिनीवर अंथरुणात सुरक्षित ठेवून पाच मिनिटे दाराबाहेर उभे राहावे. मूल रडेल, रडण्याने त्याला अपाय होत नाही. हलवण्याने मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. दुसरे, बाळंतपणानंतर एखाद्या आईचे मन दोन आठवड्यांहून अधिक काळ खिन्न राहिले, झोप उडाली, मुलाविषयी काहीच वाटेनासे झाले, तर त्याला आळस किंवा नखरे म्हणू नये. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. २०२२ साली सरकारने ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य बोलता येते.

इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट (१८९६–१९७१) म्हणत, की मुलाला निर्दोष आई लागत नाही. पुरेशी चांगली आई लागते. हे बापालाही लागू आहे. चुकले तर कबूल करावे, सांडलेले दूध पुसावे आणि पुढे चालावे, एवढ्याने मुलाचे बरे चालते.

काय करता येईल

वडील मंडळींना माझी विनंती आहे. आपल्या गल्लीत जे घर दोन लहान मुलांचे असेल, तेथे आठवड्यातून एक-दोनदा संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान तासभर जावे. पाहुणे म्हणून जाऊ नये. चहा मागू नये. मोठ्या मुलाला घेऊन राजघाटापर्यंत तापीचे पाणी दाखवून आणावे, किंवा धाकट्याला मांडीवर घ्यावे आणि त्याच्या आईला सांगावे, ‘तू जरा पड.’ मुलाला कसे वाढवावे याचा उपदेश त्या तासात न केल्यास अधिक उपयोग होईल.

नोकरदार बापांना एवढेच सांगणे आहे, की वर्षातून एक तरी दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, आईला, सासूला किंवा बहिणीला न बोलावता, दोन्ही मुलांबरोबर घरी राहून पाहावे. दुसऱ्याने सांगून ही गोष्ट कळत नाही. मला कळली नव्हती.

रात्री साडेनऊला पत्नी लालबागच्या स्टेशनावरून घरी आली. मुले झोपली होती. मोरीत भांडी पडली होती, दोरीवरचे कपडे दोरीवरच होते, आणि मी अंगातला सदरा न बदलता आरामखुर्चीत बसलो होतो. तिने एकदा घराकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. ‘दिवसभर काय केलंत?’ असे ती विचारू शकली असती. तिने विचारले, ‘जेवलात का?’

तेव्हापासून कामावरून आलो की सहा ते सात मुले माझी असतात. रविवारी सकाळी खालांची दोन्ही मुले आमच्या घरी येतात आणि खाला तेवढ्या वेळात निवांत कांड्या भरतात. कधी कधी नुसत्या झोपतात. चार मुले एकत्र आली की घरात कल्लोळ होतो हे खरे. परंतु त्या वेळी घरात मोठी माणसे दोन असतात, आणि चहा गरम असताना पिता येतो.